शंभर जणांच्या सभागृहात ५१ विरुद्ध ५०

जुलै २०२५ मधली गोष्ट. माझी भाची आमच्याकडे ठाण्यात नौपाड्याला राहून एमपीएससीची तयारी करते. दिवसभर महापालिकेच्या चिंतामणराव देशमुख संस्थेत अभ्यास, संध्याकाळी घरी आली की चहाबरोबर पेपर. त्या दिवशी तिनं आतल्या पानावरच्या एका ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारून पेपर माझ्यापुढे सरकवला. अमेरिकेच्या सिनेटनं कर आणि खर्चाचं भलंमोठं विधेयक ५१ विरुद्ध ५० मतांनी मंजूर केल्याची बातमी होती.

“आत्या, सिनेटमध्ये शंभरच जण असतात ना? मग हे एकशे एकावं मत आलं कुठून?”

ते मत उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स यांचं. अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष सिनेटचा अध्यक्षही असतो आणि मतं समसमान पडली तरच त्याला मत देता येतं. रिपब्लिकन पक्षाचे ५३ सदस्य होते. त्यातले तिघे विरोधात गेले, ५०-५० झालं आणि व्हान्स यांच्या मतानं पारडं झुकलं. आपल्याकडे लोकसभेचे अध्यक्षही एरवी मत देत नाहीत, बरोबरी झाली तरच निर्णायक मत देतात. एवढं सांगून विषय संपला असता, पण तिचा पुढचा प्रश्न जास्त मोलाचा होता. “इतकं काठावरचं बहुमत असताना एवढा मोठा खर्च मंजूर करून घेतातच कसा? एक जण रुसला तरी सगळं मुसळ केरात.”

पुढच्या तीन-चार संध्याकाळी आम्ही यावरच बोललो. त्यातून मला जे नीट उमगलं ते इथे मांडते. काठावरच्या बहुमतात विधेयकाचा शेवटचा मसुदा सगळ्यात उशिरा ‘हो’ म्हणणाऱ्याच्या मर्जीनं ठरतो. तो माणूस कोण, त्याला काय हवंय, त्याला किती वेळ थांबवता येईल आणि त्याच्यावाचून काम भागेल का, याचाच हिशेब पक्ष आतल्या खोलीत बसून करत असतात. सभागृहात आपल्याला दिसतं ते त्या हिशेबाचं उत्तर.

हे कळायला वॉशिंग्टनला जायला नको. मी आमच्या सोसायटीची सहा वर्षं खजिनदार होते. तळमजला अधिक चार मजले, जुनी इमारत. लिफ्ट बदलायची होती, पण वार्षिक सभेत तो ठराव दोनदा पडला. तळमजला आणि पहिला मजला म्हणायचा, आम्ही लिफ्ट वापरतच नाही, वर्गणी का द्यायची? गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणलं तर खालचे सगळे मजले विरोधात, कारण गळत होतं फक्त चौथ्या मजल्यावर. आणि मुसळधार पावसात ड्रेनेजची लाइन तुंबून पाणी घरात यायचं ते एकट्या तळमजल्याच्या. प्रत्येक काम गरजेचं होतं आणि प्रत्येक काम एकेकटं हरत होतं.

तिसऱ्या वर्षी सेक्रेटरींनी तिन्ही कामं एकाच ठरावात घातली. सभा मेच्या शेवटच्या रविवारी ठेवली, पावसाळा तोंडावर असताना. सत्तावीस सभासद हजर होते. हात मोजले तर तेरा बाजूनं, तेरा विरोधात. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी हात वर केलाच नव्हता. सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. त्या म्हणाल्या, “लिफ्ट बंद पडली की मला जिना चढावा लागतो. जिन्याला भिंतीच्या बाजूनंही कठडा लावा. मग माझा होकार धरा.” एकूण खर्चात कठड्याची रक्कम किरकोळ होती. सेक्रेटरींनी ठरावात तिथेच एक ओळ वाढवली आणि चौदा विरुद्ध तेरा मतांनी ठराव मंजूर झाला.

भाचीला मी हीच गोष्ट आधी सांगितली, कारण पुढचं सगळं तिच्यात आहे. कामांची मोट बांधणं, तारीख तोंडावर आणणं, हजर असलेल्यांचीच मतं मोजणं आणि शेवटच्या मताची मागणी ठरावात घालणं.

दारं किती, हे आधी बघायचं

खर्चाच्या विधेयकाला किती ठिकाणी मतदान जिंकावं लागणार आहे, हे पक्षाचे जाणकार सर्वांत आधी मोजतात. जितकी दारं कमी, तितका रुसणाऱ्यांचा धोका कमी.

आपल्या राज्यघटनेनं यात सरकारची मोठी सोय केलेली आहे. कर, सरकारचं कर्ज, संचित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, पैसा काढणं असे ठरावीक विषय आणि तेवढेच विषय ज्या विधेयकात असतात, ते अनुच्छेद ११० प्रमाणे धन विधेयक. ते फक्त लोकसभेत मांडता येतं. राज्यसभा चौदा दिवसांत शिफारशी करू शकते, पण त्या मानायच्या की नाही हे लोकसभा ठरवते. चौदा दिवसांत विधेयक परत आलं नाही तरी ते दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं असं धरलं जातं. आपल्या राज्यातही तसंच आहे, विधान परिषद धन विधेयक अडवून धरू शकत नाही. म्हणजे अर्थसंकल्पापुरतं बघायचं तर सरकारला एकच सभागृह सांभाळायचं असतं.

मग मोह होतो. राज्यसभेत बहुमत नाही, विधेयक तर तातडीचं आहे, ते धन विधेयक म्हणूनच आणलं तर? एखादं विधेयक धन विधेयक आहे की नाही हे लोकसभेचे अध्यक्ष ठरवतात आणि घटनेनं तो निर्णय अंतिम म्हटला आहे. २०१६ मध्ये आधारचा कायदा असाच मंजूर झाला. त्या वेळी राज्यसभेत सरकारकडे बहुमत नव्हतं. राज्यसभेनं दुरुस्त्या सुचवल्या, लोकसभेनं त्या फेटाळल्या आणि कायदा झाला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बहुसंख्य न्यायमूर्तींनी त्याला मान्यता दिली. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी मात्र वेगळ्या निकालपत्रात ही राज्यघटनेची फसवणूक असल्याचं लिहिलं. पुढे २०१९ मध्ये, २०१७ च्या वित्त कायद्याच्या प्रकरणात, धन विधेयक नेमकं कशाला म्हणायचं हा प्रश्न न्यायालयानं मोठ्या पीठाकडे सोपवला. मला स्वतःला चंद्रचूड यांचं म्हणणं पटतं. दुसरं सभागृह मुद्दाम ठेवलेलं असताना ते टाळण्यासाठी पाटी बदलणं योग्य नाही, मग सरकार कुठल्याही पक्षाचं असो.

अमेरिकेत उलट परिस्थिती आहे. तिथे सिनेटमध्ये विधेयक मंजूर करायला साधं बहुमत पुरतं, पण त्यावरची चर्चा थांबवायला १०० पैकी ६० मतं लागतात. विरोधकांकडे ४१ सदस्य असले की ते चर्चा संपूच देत नाहीत आणि विधेयक मतदानापर्यंत पोचत नाही. याला फिलिबस्टर म्हणतात. मग ५०-५१ जणांचा पक्ष करतो काय? तर १९७४ च्या अर्थसंकल्प कायद्यात एक बाजूचं दार आहे, त्याचं नाव रिकन्सिलिएशन. अर्थसंकल्पाच्या ठरावाशी कर आणि खर्चाचा मेळ घालणारं विधेयक असेल तर चर्चेला वीस तासांची मर्यादा लागते आणि शेवटी साध्या बहुमतानं काम होतं. १९८० मध्ये ते पहिल्यांदा वापरलं गेलं. गेल्या काही वर्षांतली तिथली मोठी एकपक्षीय खर्चाची विधेयकं याच दारानं आत आली.

या दाराला चाळणी आहे. वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर रॉबर्ट बर्ड यांनी १९८५ मध्ये नियम घालून दिला की ज्या कलमाचा सरकारी जमाखर्चाशी संबंध नाही किंवा तो नावापुरताच आहे, ते कलम अशा विधेयकात राहू शकत नाही. आक्षेप आला तर ते टिकवायला पुन्हा ६० मतं लागतात. २०२१ मध्ये कोविडनंतरच्या १.९ लाख कोटी डॉलरच्या विधेयकात किमान वेतन ताशी १५ डॉलर करायचं होतं. सिनेटच्या नियमतज्ज्ञ एलिझाबेथ मॅकडोनो यांनी ते या चाळणीतून जात नाही असं सांगितलं आणि ते बाहेर राहिलं. २०२२ मध्ये इन्सुलिनचा महिन्याचा खर्च ३५ डॉलरपर्यंत मर्यादित ठेवणारं कलम होतं. सरकारी मेडिकेअर योजनेतल्या ज्येष्ठांसाठी ते टिकलं, पण खासगी विमा असलेल्यांसाठीच्या भागावर आक्षेप आला. बाजूनं ५७, विरोधात ४३. साठ झाले नाहीत म्हणून तो भाग गळाला. आमच्या घरात मधुमेह आहे. सत्तावन्न जण ‘हो’ म्हणत असतानाही औषधाची सवलत पडते, हे वाचताना मला फार लागलं होतं.

शेवटचा माणूस

बर्ड यांच्या निधनानंतर त्यांच्या जागी २०१० मध्ये जो मॅन्चिन निवडून आले. कोळशाच्या खाणींचं राज्य, स्वतः डेमोक्रॅट, पण मतदार बहुसंख्येनं रिपब्लिकन. २०२१ मध्ये सिनेट ५०-५० होतं आणि उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस यांच्या मताच्या जोरावर डेमोक्रॅट्सकडे सत्ता होती. म्हणजे पक्षातला एकही माणूस गमावून चालणार नव्हता. राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांचा आराखडा सुरुवातीला साडेतीन लाख कोटी डॉलरचा होता. त्यात बालसंगोपन, आरोग्य, हवामानबदल, घरं, सगळंच होतं. आमच्या सोसायटीच्या ठरावासारखीच मोट, फक्त अवाढव्य. मॅन्चिन यांना महागाई आणि कर्जाची काळजी वाटत होती, कोळशाचीही होती. आकडा घटत घटत निम्म्याच्या आसपास आला आणि नोव्हेंबरमध्ये कनिष्ठ सभागृहानं विधेयक मंजूरही केलं. १९ डिसेंबर २०२१ ला मॅन्चिन यांनी टीव्हीवरच्या मुलाखतीत सांगून टाकलं की मी याला मत देऊ शकत नाही. विधेयक तिथेच थांबलं.

पुढचे सात महिने वाचण्यासारखे आहेत. सिनेटमधले पक्षनेते चक शूमर आणि मॅन्चिन यांनी गाजावाजा न करता पुन्हा बोलणी केली आणि जुलै २०२२ च्या शेवटी एकदम मसुदा जाहीर केला. बालसंगोपन गेलं होतं, घरं गेली होती. ऊर्जा आणि हवामानासाठीचे सुमारे ३६,९०० कोटी डॉलर राहिले, औषधांच्या किमतींवरची बोलणी राहिली, मोठ्या कंपन्यांवरचा किमान कर राहिला. तेल-वायूसाठी सरकारी जमिनी आणि समुद्रक्षेत्रं भाड्यानं देण्याची तरतूद आत आली. मग ॲरिझोनाच्या कर्स्टन सिनेमा यांनी गुंतवणूक व्यवस्थापकांवरच्या कराचं एक कलम काढायला लावलं. तेही काढलं. ७ ऑगस्ट २०२२ ला ५१ विरुद्ध ५० मतांनी ‘इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट’ सिनेटमध्ये मंजूर झाला. साडेतीन लाख कोटींच्या कागदावर दोन माणसांनी कात्री चालवली, तरीही उरलेला भाग हवामानावरचा त्या देशाचा सर्वांत मोठा कायदा ठरला. हट्ट धरून सगळं घालवण्यापेक्षा शूमर यांनी उरलेलं पदरात पाडून घेतलं. मला ते शहाणपणाचं वाटतं, जरी बालसंगोपनाचं गेलं याची हळहळ वाटत असली तरी.

भाचीनं रेघ मारलेल्या २०२५ च्या विधेयकातही तेच झालं, फक्त पक्ष बदलले. या वेळी काठावर अलास्काच्या लिसा मर्कॉव्हस्की होत्या. अंतिम मसुद्यात अन्नसाहाय्याच्या नियमांत अलास्काला उपयोगी पडेल अशी सवलत आली. ग्रामीण रुग्णालयांचा निधी २,५०० कोटी डॉलरवरून ५,००० कोटींवर गेला. पारंपरिक व्हेल शिकारीच्या नौकाप्रमुखांना मिळणारी करवजावट १०,००० वरून ५०,००० डॉलर झाली. अख्ख्या देशाच्या कररचनेच्या विधेयकात व्हेलच्या शिकारीची ओळ! भाची आधी हसली, मग म्हणाली, “आत्या, हा तर काकूंचा कठडा.” अगदी तसंच. कठडा वाईट नव्हता. त्याची गरज खरी होती. पण तशाच गुडघेदुखीच्या, ज्यांचं मत आधीच मोजून झालं होतं, अशा तळमजल्याच्या आजींना कुणी काही विचारलं नव्हतं, हेही खरं.

कनिष्ठ सभागृहात ३ जुलैला तेच विधेयक २१८ विरुद्ध २१४ मतांनी पार पडलं आणि ४ जुलैला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, सही झाली. ही तारीख पक्षानं आधीपासून गाजवलेली होती. त्यामागे दुसरंही घड्याळ चालू होतं. २०१७ च्या करसवलती वर्षाअखेर संपणार होत्या आणि कर्जाची मर्यादा वाढवणंही याच विधेयकात बांधलेलं होतं. नाही म्हणणाऱ्याच्या डोक्यावर ‘तुझ्यामुळे सगळ्यांचे कर वाढले’ हा आरोप येईल, अशी व्यवस्था मोट बांधतानाच केलेली असते.

आपल्याकडे एकटा माणूस अडून का बसत नाही

इथे आमची बरीच चर्चा झाली, कारण परीक्षेत हाच भाग येतो. मॅन्चिन पक्षात राहून विरोधात जाऊ शकले. आपल्या खासदाराला किंवा आमदाराला ते जमत नाही. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनं पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट आलं. पक्षानं व्हिप, म्हणजे मतदानाचा आदेश, काढल्यावर त्याविरुद्ध मत दिलं किंवा मतदानाला गैरहजर राहिलं आणि पक्षानं पंधरा दिवसांत ते माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. १९९२ च्या किहोटो होलोहान निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ही शिक्षा विश्वासदर्शक-अविश्वास ठराव किंवा पक्षाच्या धोरणाचा गाभा असलेल्या विषयांपुरती धरावी. अर्थसंकल्प हा सरकारच्या जिवाचाच प्रश्न असतो, कारण खर्चाच्या मागणीवर हरलेलं सरकार सत्तेत राहू शकत नाही.

त्यामुळे आपल्याकडे सौदा माणसाशी होत नाही, मित्रपक्षाशी होतो. २०२४ मध्ये भाजपला लोकसभेत २४० जागा मिळाल्या, बहुमताला २७२ हव्या होत्या. तेलुगू देसमच्या १६ आणि जनता दल युनायटेडच्या १२ जागा मोलाच्या ठरल्या. २३ जुलैच्या अर्थसंकल्पात आंध्रच्या राजधानीसाठी १५,००० कोटींची व्यवस्था आणि बिहारच्या रस्त्यांसाठी २६,००० कोटी जाहीर झाले. दोन्ही राज्यांची निकड खरी आहे. तरी त्या दिवशी ठाण्यात लोकलच्या गर्दीत उभं राहून भाषण ऐकणाऱ्या प्रत्येकाला प्रश्न पडलाच असेल की आपल्या नावाची ओळ कधी येणार.

कधी स्वतःच्या पक्षातलेच लोक मोजावे लागतात. १९९१ मध्ये नरसिंह राव यांचं सरकार अल्पमतात होतं. २४ जुलैच्या अर्थसंकल्पात डॉ. मनमोहन सिंग यांनी खतांच्या किमती ४० टक्के वाढवल्या. काँग्रेसच्याच खासदारांनी गावाकडची बाजू मांडत कडाडून विरोध केला. वाढ ३० टक्क्यांवर आणली गेली आणि लहान शेतकऱ्यांना वगळण्यात आलं. उदारीकरणाचा बाकीचा आराखडा मात्र जागचा हलला नाही. एक पाऊल कुठे मागे घ्यायचं हे त्या दोघांना नेमकं कळलं होतं, असं मला नेहमी वाटतं.

विरोधकांचं हत्यार म्हणजे कपात सूचना. एखाद्या खात्याच्या मागणीतून अगदी शंभर रुपये कमी करावेत अशी सूचना मंजूर झाली तरी सरकार हरलं. एप्रिल २०१० मध्ये इंधनाच्या दरवाढीवरून विरोधकांनी ती आणली. बहुजन समाज पक्षानं सरकारला मतं दिली, समाजवादी पक्ष आणि राष्ट्रीय जनता दलानं सभात्याग केला आणि सूचना २०१ विरुद्ध २८९ अशी पडली. सभात्याग करणारे बाहेर जाऊन सरकारवर टीका करतात, पण आत त्यांची मदतच झालेली असते. घटनेच्या अनुच्छेद १०० नुसार बहुमत धरलं जातं ते हजर राहून मत देणाऱ्यांचं. आमच्या सोसायटीत अडतीस सभासद होते, मोजले गेले सत्तावीसच.

हजेरीवर सगळा खेळ आला की काय होतं, हे फेब्रुवारी २०२४ मध्ये हिमाचलनं दाखवलं. ६८ जणांच्या विधानसभेत काँग्रेसचे ४०. राज्यसभेच्या निवडणुकीत त्यांचे सहा आमदार आणि तीन अपक्ष भाजपच्या उमेदवाराकडे गेले, ३४-३४ अशी बरोबरी झाली आणि चिठ्ठीवर काँग्रेसचे अभिषेक मनू सिंघवी हरले. दुसऱ्या दिवशी अर्थसंकल्प मंजूर करायचा होता. गणित तेच राहिलं असतं तर सरकार पडलं असतं. २८ फेब्रुवारीला अध्यक्षांनी विरोधी पक्षनेते जयराम ठाकूर यांच्यासह भाजपच्या पंधरा आमदारांना निलंबित केलं आणि अर्थसंकल्प आवाजी मतदानानं मंजूर झाला. बंडखोर सहा जण सभागृहात आले नव्हते. राज्यसभेच्या मतदानाला पक्षाचा व्हिप लागू होत नाही, त्यामुळे तिथल्या क्रॉस व्होटिंगसाठी त्यांचं पद गेलं नसतं. अर्थसंकल्पाच्या वेळी हजर राहण्याचा व्हिप मोडला म्हणून २९ तारखेला ते अपात्र ठरले. पोटनिवडणुकीत काँग्रेसनं सहापैकी चार जागा जिंकल्या आणि सरकार टिकलं. कायद्याच्या चौकटीत हे बसवता येईल. पण पंधरा विरोधकांना बाहेर काढून राज्याचा वर्षभराचा खर्च मंजूर व्हावा, हे मला पटत नाही. त्या पंधरा मतदारसंघांचाही तो पैसा होता.

उत्तराखंडात मार्च २०१६ मध्ये याहून गुंतागुंत झाली. काँग्रेसच्या नऊ बंडखोरांनी भाजपसोबत विनियोजन विधेयकावर, म्हणजे तिजोरीतून खर्चाला परवानगी देणाऱ्या विधेयकावर, मतविभागणी मागितली, म्हणजे मतं मोजा. अध्यक्षांनी आवाजी मतदानानं ते मंजूर झाल्याचं जाहीर केलं. राष्ट्रपती राजवट आली, प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं, नऊ जण अपात्र ठरले आणि १० मे रोजी न्यायालयाच्या देखरेखीखाली मतदान होऊन हरीश रावत ३३ विरुद्ध २८ असे जिंकले. मधल्या काळात १ एप्रिल उजाडलाच. विनियोजनाचा कायदा नसेल तर संचित निधीतून एक रुपया काढता येत नाही, शिक्षकांचे पगारसुद्धा अडतात. म्हणून केंद्राला राज्याच्या लेखानुदानासाठी, म्हणजे काही काळापुरत्या खर्चाच्या परवानगीसाठी, अध्यादेश काढावा लागला. ३१ मार्च ही तारीख सरकारसाठी ओझं असते आणि ढालही. ती जवळ आली की विरोधकांनाही फार ताणून धरता येत नाही. लोकसभेत उरलेल्या सगळ्या मागण्या ठरलेल्या दिवशी एकत्र मताला टाकतात, त्याला गिलोटिन म्हणतात. १४ मार्च २०१८ ला गदारोळात, चर्चेविना, अर्थसंकल्प तसाच मंजूर झाला, आणि त्या सरकारकडे तर भक्कम बहुमत होतं.

पाचपाखाडीचा हिशेब

शेवटच्या संध्याकाळी भाची म्हणाली, हे सगळं दिल्ली-वॉशिंग्टन झालं, आपल्या इथे काय? मी तिला पाचपाखाडीत मुख्यालय असलेल्या ठाणे महापालिकेचा २०१७ चा निकाल काढायला लावला. १३१ नगरसेवक, बहुमत ६६, शिवसेनेला ६७. म्हणजे एक मत जास्त. समोर राष्ट्रवादी ३४, भाजप २३, काँग्रेस ३, एमआयएम २ आणि दोन अपक्ष. पलीकडे नवी मुंबईत २०१५ मध्ये १११ पैकी राष्ट्रवादीला ५२ मिळाल्या होत्या. बहुमताला ५६ लागतात, काँग्रेसचे १० आणि पाच अपक्ष किती मोलाचे होते ते कळायला गणित पुरे.

महापालिकेला धन विधेयकाची सोय नाही. आयुक्त अर्थसंकल्पाचा मसुदा स्थायी समितीला देतात, तिथून तो महासभेत, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेत, जातो. दोन दारं, आणि पहिलं दार अरुंद. स्थायी समितीत सोळा सदस्य, ते पक्षांच्या संख्याबळाच्या प्रमाणात. ठाण्यातल्या ६७ जणांचा सोळामधला हिस्सा काढला तर ८.१८ येतो, म्हणजे आठ. सभागृहात बहुमत असलेला पक्ष समितीत बरोबर अर्ध्यावर. म्हणून तीन नगरसेवकांच्या पक्षाचाही समितीतला एक माणूस मोठ्या पक्षाला जवळचा वाटू लागतो. १९८६ च्या राज्याच्या अनर्हता कायद्यामुळे नगरसेवकही व्हिपला बांधलेले असतात, म्हणून इथेही बोलणी गटनेत्यांमध्ये होतात.

त्या बोलण्यांचा माग अर्थसंकल्पाच्या पुस्तकात सापडतो. आपल्या भागातल्या महापालिकांत वर्षानुवर्षं दिसणारी रीत अशी: आयुक्तांचा आकडा स्थायी समितीत फुगतो, महासभेत आणखी फुगतो. प्रभागातली गटारं, पायवाटा, समाजमंदिरं, उद्यानं अशा ओळी वाढत जातात. खर्चाची बाजू वाढली की जमेची बाजूही कागदावर वाढवावी लागते, आणि वसुली तेवढी झाली नाही की त्यातली बरीच कामं पुढच्या वर्षावर जातात. काठावरचं बहुमत असेल तर या ओळींना ‘नाही’ म्हणणं जास्तच अवघड. ठाण्याच्या त्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आले. मग मसुदा मांडणारे आणि मंजूर करणारे एकच झाले. मतं मोजण्याची कटकट गेली, पण आमच्या गल्लीतल्या माणसाला गटारासाठी कुणाचा दरवाजा ठोठवायचा हेही कळेनासं झालं. त्यापेक्षा ती कटकट मला मान्य आहे.

भाचीनं मग महापालिकेच्या अर्थसंकल्पाचं एक जुनं पुस्तक मिळवलं. आम्ही दोघी पट्टी ठेवून एकेक ओळ वाचत होतो: आयुक्तांचा आकडा, शेजारी स्थायी समितीचा, शेजारी महासभेचा. काही कामांसमोर अगदी नाममात्र रक्कम होती. “एवढ्यात गटार कसं होईल?” तिनं विचारलं. मी तिला सांगितलं, ते गटारासाठी नाही, लेखाशीर्ष, म्हणजे त्या कामाच्या नावाची ओळ, उघडं ठेवण्यासाठी असतं. नाव एकदा पुस्तकात आलं की वर्षाच्या मध्यात तिथे पैसे वळवता येतात. कुणाला तरी शब्द दिलेला असतो आणि त्या क्षणी पैसे नसतात. तिनं पेन्सिल घेतली आणि तशा सगळ्या ओळींपुढे प्रभागाचा क्रमांक लिहायला सुरुवात केली.